हजेरीची वही कुणाच्या हातात?

आमच्या वाईकडं शूटिंग आलं की पहिला प्रश्न ठरलेला, हिरो कोण? 'स्वदेस'चं शूटिंग मेणवलीत झालं त्याला वीस वर्षं होऊन गेली, तरी पाहुण्यांना तो घाट आजही कौतुकानं दाखवतात. पण कुठल्याही सेटवरचा स्पॉटदादा किती तास उभा असतो आणि त्याचे पैसे कधी येतात, हे कुणी विचारत नाही. मी विचारतो, तेव्हा एकच उत्तर मिळतं, "को-ऑर्डिनेटरला माहीत."

यावर उपाय काय, तर ॲप काढा, पोर्टल काढा, असं आता बोललं जातं. काढावंच. पण त्याआधी थोडा इतिहास बघू.

जुलै १९३९. 'कुंकू'च्या नायिका शांता आपटे पुण्यात प्रभातच्या फाटकात उपोषणाला बसल्या. वाद करार आणि पगाराचा होता. पुढच्याच वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून या धंद्यातलं शोषण मांडलं. एवढ्या मोठ्या नटीची ही गत, तर लाईटवाल्याची काय असेल? तरी एक गोष्ट लक्षात घ्या. प्रभात १९२९ ला कोल्हापुरात उभी राहिली, १९३३ ला पुण्यात आली. तेव्हा स्टुडिओत माणसं महिन्याच्या पगारावर असायची. भांडायचं तर जाऊन बसायला फाटक होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्टुडिओंची सद्दी संपली. प्रत्येक सिनेमाला नवा निर्माता, नवं युनिट. पगार गेला, रोजंदारी आली आणि मध्ये ठेकेदार बसला. आता फाटकच उरलं नाही, बसणार कुठं?

१९८१ साली केंद्रानं सिने-कामगारांसाठी कायदा केला. लेखी करार करायचा आणि तो सरकारदरबारी नोंदवायचा. कागदावर उत्तम. पण तो कथापटांपुरताच, आणि मूळ मर्यादा महिना १,६०० रुपये किंवा एकरकमी १५,००० रुपये मोबदल्याची. टीव्ही मालिका त्यात नव्हत्याच. मालिकांच्या धंद्यात तर ९० दिवसांनी पैसे देणं ही रीतच पडून गेली. आज काम करायचं आणि किराणा तीन महिन्यांनी भरायचा!

बाहेरही फार वेगळं नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या सेटवरच्या कामगारांनी एका इन्स्टाग्राम पानावर नाव न देता आपापले अनुभव लिहिले. अखंड शिफ्ट, जेवणाला सुट्टी नाही, घरी जाताना स्टिअरिंगवर लागलेली डुलकी. वातावरण तापलं. ऑक्टोबरमध्ये संपाच्या बाजूनं ९८ टक्के मतं पडली. संप टळला, पण दोन शिफ्टमध्ये दहा तास विश्रांती करारात आली. विखुरलेल्या माणसांना मोबाईलनं फाटक मिळवून दिलं, असं म्हणा हवं तर.

आता केरळ बघा. हेमा समिती २०१७ ला नेमली, अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये दिला, लोकांसमोर आला ऑगस्ट २०२४ मध्ये. सेटवर बायकांना स्वच्छतागृह नाही, कपडे बदलायला जागा नाही, हे कळायला साडेचार वर्षं! माहिती गोळा झाली होती, पण किल्ली दुसऱ्याच्या हातात होती.

मुद्दा तोच आहे. ॲप ही हजेरीची वहीच, फक्त मोबाईलमधली. ती ठेकेदाराच्या हातात गेली तर तक्रार करणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी सगळ्या युनिटला कळेल. निर्मात्यांनी कामगारांना स्टार द्यायला सुरुवात केली तर तीच काळी यादी.

याचा आराखडा महाराष्ट्रानं १९६९ मध्येच केलाय. हमालही रोज वेगळ्या मालकाचं काम करायचा. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून माथाडी कायदा आला. मालक, कामगार आणि सरकार तिघांचं मंडळ. नोंद मंडळाकडं, मजुरीही मालकानं मंडळात भरायची, वर लेव्ही. त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा. पुढं त्यात बोगस माथाडी आणि खंडणीखोर घुसले हेही खरं, पण मूळ रचना शहाणपणाची आहे.

सेटसाठी तसंच करा. आल्या-गेल्याची वेळ कामगार स्वतः नोंदवेल आणि ती कुणाला पुसता येणार नाही. करार मराठीत, त्याच्या मोबाईलवर. मजुरी थेट खात्यात. तक्रार बिननावाची, पण ती तिघांच्या मंडळाकडं जाईल आणि किती दिवसांत निकाल लागला ते सगळ्यांना दिसेल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्यात. त्यात मालिका आणि डिजिटलवाल्यांनाही 'दृक्-श्राव्य कामगार' म्हणून जागा आहे आणि लेखी कराराची अट आहे. म्हणजे कायद्याचा आधार आता आहे. आपल्या आमदार-खासदारांना एवढंच विचारा, पोर्टल कधी येणार ते नंतर सांगा, त्याची किल्ली कुणाकडं राहणार ते आधी सांगा.

तुमच्या घरातलं कुणी सेटवर काम करत असेल तर अनुभव जरूर लिहा. नाव द्यायचं नसेल तर मला इनबॉक्समध्ये कळवा.