एकट्याने ट्रॅपीझ होडी चालवताना फोनचा जीपीएस कोच कसा बनतो?

शिडाच्या होड्यांची शर्यत आणि जुना स्मार्टफोन यांचा संबंध काय, असं वाटू शकतं. मलाही वाटलं होतं. दोन मोसम मी शर्यतीत मागेच राहायचो आणि दोष द्यायचो जुन्या शिडाला. नवीन शीड घ्यायच्या आधी एक जुना फोन होडीला बांधून ट्रॅक रेकॉर्ड केला. ग्राफ बघितल्यावर कळलं की सरळ जाताना माझा वेग इतरांइतकाच आहे. मी मार खात होतो वळताना. शिडाचे पैसे वाचले.

हे कसं मोजायचं आणि मोजलेल्या आकड्यांवरून सराव कसा आखायचा, ते या लेखात बघू.

आधी होडी समजून घेऊ

मी चालवतो त्या होडीचं नाव ‘कंटेंडर’. लांबी ४.८८ मीटर, एकच शीड, एकच माणूस. ऑस्ट्रेलियाच्या बॉब मिलर यांनी १९६७ मध्ये ती डिझाइन केली. पुढे त्यांनी नाव बदलून बेन लेक्सन केलं आणि १९८३ मध्ये अमेरिकाज कप जिंकणारी ‘ऑस्ट्रेलिया टू’ ही त्यांचीच. ऑलिंपिकमधल्या ‘फिन’ होडीची जागा कंटेंडर घेईल अशी तेव्हा अपेक्षा होती. तसं झालं नाही, पण युरोप आणि ऑस्ट्रेलियात तिच्या शर्यती आजही होतात.

ट्रॅपीझ म्हणजे डोलकाठीच्या वरच्या भागातून खाली येणारी तार. तिच्या टोकाला कडी असते आणि आपण कमरेला हूक असलेला हार्नेस घालतो. हूक कडीत अडकवायचा, होडीच्या काठावर पाय रोवायचे आणि अख्खं शरीर पाण्यावर बाहेर काढून उभं राहायचं. वारा होडीला एका बाजूला कलंडवतो, आपलं वजन तिला परत सपाट आणतं. १९३८ मध्ये पीटर स्कॉट आणि जॉन विंटर यांनी इंग्लंडमधली प्रिन्स ऑफ वेल्स कप शर्यत ही युक्ती वापरून जिंकली आणि त्यानंतर त्यांच्या वर्गात तिच्यावर बंदीच आली. इतका तिचा फायदा होता.

दोघांच्या होडीत एक जण तारेवर लटकतो, दुसरा सुकाणू बघतो. इथे दोन्ही आपणच. त्यामुळे प्रत्येक वळणावर आत या, हूक काढा, बूमखालून वाका, हात बदला, पलीकडे जा, पुन्हा हूक लावा. हे सगळं करताना होडीही चालवायची!

रेकॉर्डिंगचं सेटिंग

- घरात पडून असलेला जुना फोन वापरा. सिम नसलं तरी जीपीएस चालतो. फक्त इंटरनेट नसेल तर पहिला फिक्स मिळायला काही मिनिटं लागू शकतात, म्हणून किनाऱ्यावर उघड्या आकाशाखाली आधीच सुरू करून ठेवा.
- जीपीएक्स फाईल एक्स्पोर्ट करणारं कुठलंही ट्रॅकिंग ॲप चालेल. नोंद दर सेकंदाला हवी.
- त्या ॲपसाठी बॅटरी सेव्हर बंद करा, नाहीतर स्क्रीन लॉक झाल्यावर फोन रेकॉर्डिंग थांबवतो. माझे पहिले दोन ट्रॅक असेच गेले.
- फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्येच ठेवा. ‘आयपी ६८’ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. ती चाचणी गोड्या पाण्यातली असते, खाऱ्या पाण्याची हमी त्यात नाही.
- पाऊच डोलकाठीच्या बुडाशी घट्ट बांधा. अंगावर ठेवला तर तुमच्या आत-बाहेर होण्याची हालचालही ट्रॅकमध्ये मिसळते.

कोणता आकडा बघायचा?

नुसता वेग बघून फसू नका. होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही, साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून नागमोडी वर जावं लागतं. म्हणून खरा आकडा म्हणजे व्हीएमजी, म्हणजेच वाऱ्याच्या दिशेने आपण प्रत्यक्ष किती वेगाने वर सरकलो.

व्हीएमजी = वेग × कोसाइन (वाऱ्याशी असलेला कोन)

५.५ नॉट वेग आणि ४५ अंश कोन असेल तर व्हीएमजी येतो ३.८९. वेग ५ नॉट, पण कोन ४० अंश असेल तर ३.८३. म्हणजे जवळपास सारखाच! स्प्रेडशीटमध्ये कोसाइन काढताना अंशांचं रेडियन करायला विसरू नका, नाहीतर भलतेच आकडे येतील.

वाऱ्याची दिशा फोनला माहीत नसते. ती अशी काढा: एका बाजूने जाताना कोर्स १३५ अंश होता, वळल्यावर २२५. दोन्हींचा मध्य १८०, म्हणजे वारा दक्षिणेकडून. इटलीतल्या गार्डा सरोवराच्या उत्तर टोकाला मी सराव केला तेव्हा हे हिशोब सोपे गेले, कारण चांगल्या हवेत तिथे दुपारी ‘ओरा’ नावाचा दक्षिणेचा वारा बऱ्यापैकी स्थिर वाहतो.

वळणाची किंमत मीटरमध्ये

वाऱ्याच्या तोंडातून होडी पलीकडे वळवणं म्हणजे टॅक. ३.८९ नॉट म्हणजे सेकंदाला साधारण २ मीटर. म्हणजे २० सेकंदांत न वळता मी ४० मीटर वर गेलो असतो. टॅक धरून त्याच २० सेकंदांत माझी सरासरी होती २४ मीटर. एका टॅकला १६ मीटर तोटा, तीन होड्यांच्या लांबीहून जास्त!

एका टॅकवरून निष्कर्ष काढू नका. फोनच्या जीपीएसमध्ये उघड्या आकाशाखालीही काही मीटरची चूक असते. निदान दहा टॅक करा आणि सरासरी घ्या.

मग वेगाचा ग्राफ बघा. तो इंग्रजी ‘व्ही’सारखा खाली जाऊन वर येतो. चूक कुठे आहे, हे त्याचा आकार सांगतो:

- कोर्स बदलायच्या आधीच वेग पडतोय: तुम्ही तारेवरून फार लवकर आत येताय. वजन आत आलं की होडी कलते, शीड ढिलं सोडावं लागतं आणि वेग जातो.
- तळ फार खोल आहे: सुकाणू झटक्यात फिरवताय. आडवं सुकाणू म्हणजे ब्रेक. सुरुवात हळू करा, मग वळण वाढवा.
- वर यायला वेळ लागतोय: वळल्यावर लगेच वाऱ्याला चिकटून जायचा मोह होतोय, किंवा बाहेर जायला उशीर होतोय. आधी कोन थोडा मोकळा ठेवा, शिडाचा दोर थोडा सैल ठेवा, वेग आला की ओढा.

माझा आजार तिसरा होता. मी आत बसून हूक लावायचो आणि मग बाहेर जायचो. आता तारेचं हँडल हाताने पकडून आधी बाहेर जातो, हूक नंतर लावतो.

सराव कसा आखायचा?

१. जमिनीवर: होडी ट्रॉलीवर घट्ट बांधून आत-बाहेर, हूक काढ-घाल, २० वेळा. बघणारे हसतात, हसू द्या.
२. पाण्यावर: दर मिनिटाला एक, असे दहा टॅक. एका दिवशी एकच गोष्ट सुधारायची.
३. जोडीने: दोन होड्या, दोघांकडे फोन. पाच मिनिटं शेजारी शेजारी जा. एकाने एकच सेटिंग बदलायचं, दुसऱ्याने काहीच नाही. वारा दोघांनाही जवळपास सारखाच मिळतो, म्हणून फरक आला तर तो बहुतेक त्या सेटिंगचाच.

एका मोसमात माझा तोटा १६ वरून १० मीटरवर आला. शर्यतीत आठ टॅक धरले तर ४८ मीटर, म्हणजे जवळजवळ दहा होड्या!

जीपीएस कुठे फसवतो?

जीपीएस जमिनीच्या संदर्भात वेग मोजतो, पाण्याच्या नाही. सरोवरात फारसा फरक पडत नाही. पण मुंबई बंदरात भरती-ओहोटीचा प्रवाह असतो. प्रवाह पाठीमागून असेल तर आकडा उगाच छान दिसतो, समोरून असेल तर उगाच वाईट. तिथे एकट्याच्या आकड्यांपेक्षा जोडीने केलेली तुलनाच खरी. हीच पद्धत ट्रॅपीझ नसलेल्या लेझरसारख्या होड्यांनाही चालते.

आणि शर्यतीच्या दिवशी फोन लावायच्या आधी त्या वर्गाचे आणि शर्यतीचे नियम वाचा. अनेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक उपकरणांवर मर्यादा असतात.

ग्राफमध्ये न दिसणारी गोष्ट

माझ्या एका ट्रॅकमध्ये वेग शून्यावर येऊन एक सपाट रेघ आहे. त्या वेळी होडी उलटली होती, मी शिडाखाली होतो आणि हार्नेसचा हूक एका दोरात अडकला होता. सुटायला काही सेकंदच लागले असतील, पण ते फार लांब वाटले. ग्राफला त्यातलं काही कळलं नाही. त्याच्यासाठी तो फक्त कमी वेग.

तेव्हापासून तारेसाठी झटकन सुटणारा हूक वापरतो, दोर कापायचा छोटा चाकू हाताला येईल असा ठेवतो, लाइफ जॅकेट कायम अंगावर असतं आणि सराव सोबतीला बोट असेल तरच. रोजचा फोन वेगळ्या पाऊचमध्ये अंगावर असतो, कारण होडी वाहून गेली तर तिला बांधलेल्या फोनवरून मदत मागता येत नाही.

आकडे घरी येऊन बघायचे असतात, त्यामुळे घरी येण्याची सोय आधी करा. पहिल्या दिवशी व्हीएमजी नको, नुसतं दहा टॅकचं रेकॉर्डिंग करा. आपला तोटा किती मीटर आहे ते कळलं की पुढचा सराव आपोआप ठरतो.