तळटीप : मिक्लोश एडित
* मिक्लोश एडित (हंगेरियन रिवाजाने आडनाव अगोदर, आपल्या मतदारयादीप्रमाणेच) : चिरनेरच्या आक्कादेवीच्या डोंगरावरून पावसाळी पाण्याखेरीज काही घसरत येत नाही, म्हणून हा खुलासा. हिमाच्छादित उतारावरील शर्यतींची ही खेळाडू १९८८ साली रुमानियातील चीकसेरेदा येथे जन्मली. १९२० च्या त्रियानोंच्या तहाने तो मुलूख हंगेरीच्या अमलाबाहेर गेला, तरी घरोघर मॅग्यार भाषाच नांदत राहिल्यामुळे, २०१० मध्ये व्हँकूव्हरच्या हिवाळी ऑलिंपिकात रुमानियातर्फे उतरून जबर आपटल्यावर तिने पुढे हंगेरीचे निशाण पत्करले, याचे बेळगावकडील वाचकास नवल वाटू नये. २०१४ मध्ये सोची येथील ऑलिंपिकात डाउनहिल शर्यतीत ती सातवी आली. त्याच शर्यतीत पहिल्या दोघींचा वेळ शतांश सेकंदापर्यंत जुळून सुवर्णपदक विभागले गेले.