होक्याची सुई आणि खरी उत्तर

नाविकांच्या दिशादर्शक साधनास मराठीत 'होकायंत्र' म्हणतात. त्यातील 'होका' हे पद अरबी 'हुक्का', म्हणजे लहान डबी, या शब्दाशी निगडित आहे. इटालियन भाषेतील 'बुस्सोला' या नावाच्या मुळाशीही डबीच आहे. नाव पडले ते सुईच्या घरावरून. या घरात जे दीर्घकाळ झाकलेले राहिले, ते उघड कसे झाले, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

पृथ्वीच्या भ्रमणाक्षाच्या टोकाकडील दिशा ती खरी उत्तर. सुई दाखविते ती चुंबकीय उत्तर. या दोहोंतील कोनास 'दिक्पात' अशी संज्ञा आहे. पंधराव्या शतकातील युरोपीय कारागिरांस हा कोन परिचित होता. परंतु त्यांस तो सुईचा दोष वाटे. फ्लँडर्समधील होकायंत्रांत सुई तबकडीखाली मुद्दाम तिरपी बसवीत, म्हणजे तबकडीवरील उत्तर खऱ्या उत्तरेशी जुळे. ही युक्ती जेथे यंत्र घडले तेथे उपयोगी पडे. दूरच्या समुद्रात तीच दिशाभूल करी.

पोर्तुगीज नाविकांच्या भाषेत मात्र या फरकास क्रियापदच होते. सुई पूर्वेकडे कलली की ती 'ईशान्यते' आणि पश्चिमेकडे कलली की 'वायव्यते', अशा अर्थाचे शब्द ते योजीत. आफ्रिकेच्या दक्षिण टोकास त्यांनी 'अगुल्हास', म्हणजे 'सुयांचे भूशिर', हे नाव दिले, कारण इ. स. १५०० च्या सुमारास तेथे सुई खऱ्या उत्तरेशी जुळत असे. स्थलनाम हे येथे भौतिक निरीक्षणाचे साधनच ठरते.

अशा निरीक्षणांवरून एक मोहक कल्पना निघाली. दिक्पात जर रेखांशाच्या प्रमाणात बदलत असेल, तर सुईवरूनच रेखांश काढता येईल! त्या काळी समुद्रावर रेखांश ठरविण्याचे खात्रीचे साधन नव्हते. म्हणून या कल्पनेवर गलबते आणि माणसे यांचे भवितव्य अवलंबून होते. तिची कसोटी घेतली ती दों जुआंव द कास्त्रो याने. १५३८ साली लिस्बनहून गोव्यास येताना त्याने गणिती पेद्रो नुनेश याने कल्पिलेले छायायंत्र सोबत आणले होते. सूर्य सकाळी व दुपारनंतर समान उंचीवर असता पडणाऱ्या छायांचा मध्य काढला की खरी उत्तर मिळते. हे तत्त्व आपणांस नवे नाही. 'सूर्यसिद्धान्ता'तील शंकुच्छायेची रीत त्याच तत्त्वावर उभी आहे. कास्त्रोने वाटेत वारंवार मोजणी केली आणि रेखांश व दिक्पात यांचे ते सरळ प्रमाण अस्तित्वात नाही, असा निर्णय दिला.

त्याची आणखी दोन निरीक्षणे महत्त्वाची आहेत. जहाजावरील तोफेच्या सान्निध्याने सुई ढळते, हे त्याने ओळखले. पुढे डिसेंबर १५३८ मध्ये वसईनजीक सुईचे वर्तन विस्कळित झालेले पाहून त्याने त्याचे कारण तेथील खडकांत शोधले. कोकणचा काळा बेसाल्ट चुंबकीय खनिजांनी युक्त आहे, हे आज आपण जाणतो. पुढे हाच कास्त्रो पोर्तुगीज हिंदचा अधिपती झाला व १५४८ मध्ये गोव्यात निवर्तला. त्याच्या निरीक्षणांमागे सागरी सत्तेची निकड होती, हे विसरता येत नाही. तथापि त्या निकडीस सोयीचे उत्तर त्याने दिले नाही, हेही तितकेच खरे.

१६०० मध्ये विल्यम गिल्बर्टने पृथ्वी हीच एक महान चुंबक असल्याचे प्रतिपादन केले. परंतु एका स्थळाचा दिक्पात स्थिर असतो, अशी त्याची समजूत होती. लंडन येथे १५८० मध्ये सुमारे ११ अंश पूर्व असलेला दिक्पात १६३४ मध्ये सुमारे ४ अंशांवर आल्याचे हेन्री गेलिब्रँडने दाखविले आणि ती समजूत मावळली. पृथ्वीच्या बाह्य गाभ्यातील द्रवरूप लोहाच्या अभिसरणाने हे क्षेत्र उत्पन्न होते. म्हणूनच ते सतत पालटते. अगुल्हास येथे आज सुई पश्चिमेस २० अंशांहून अधिक कलते; नाव तेवढे मागे उरले आहे.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे होऊ लागली. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरताच त्यांच्या प्रवाहाने मोजणी दूषित होईल म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागेस नेण्यात आले. तोफेपासून सुई दूर ठेवावी, हा कास्त्रोचा धडाच येथे गिरविला गेला. अलिबागचा दिक्पात आज एका अंशाच्याही आत आहे. तरीही तो मोजला जातो, आणि तेच योग्य होय. कारण फ्लँडर्सच्या कारागिराने जो फरक डबीत झाकला, तोच पृथ्वीच्या अंतरंगाची वार्ता सांगणारा ठरला.