स्टोक रो

स्टोक रो : इंग्लंडच्या ऑक्सफर्डशर परगण्यातील, चिल्टर्न टेकड्यांच्या माथ्यावरचे लहान गाव. थेम्सकाठच्या हेन्लीपासून पश्चिमेला सुमारे ८ किमी. वस्ती हजाराच्या आत. बीच वृक्षांची राने, एक चर्च, एक शाळा, जुने मद्यगृह. इंग्लंडमधील अशा शेकडो गावांसारखेच हेही गाव. कोशात त्याची दखल घ्यावी लागते ती काशीनरेशांनी येथे बांधून दिलेल्या विहिरीमुळे.

चिल्टर्नचा खडक खडूचा. पावसाचे पाणी त्यात झिरपून खोल निघून जाते. वर ओढा नाही, झरा नाही. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथील लोकांची सारी भिस्त पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर आणि मातीच्या खाणींत साचलेल्या गढूळ डबक्यांवर होती. ज्या काळात लंडनमधून अर्ध्या जगाचा कारभार चाले, त्याच काळात लंडनपासून दिवसभराच्या वाटेवर घागरभर स्वच्छ पाण्याची मारामार होती, हे येथे नमूद केले पाहिजे.

शेजारच्या इप्सडेन गावच्या रीड घराण्यातील एडवर्ड अँडरडन रीड हे कंपनी सरकारच्या चाकरीत उत्तर हिंदुस्थानात अधिकारी होते. कादंबरीकार चार्ल्स रीड हे त्यांचे बंधू. १८३१ मध्ये आझमगढ येथे लोकांसाठी विहीर खोदण्याच्या कामी त्यांनी साह्य केले होते. पुढे बनारसचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. गप्पांच्या ओघात रीड यांनी आपल्या गावाकडची एक हकीकत त्यांना सांगितली : घरात उरलेले शेवटचे पाणी एका पोराने पिऊन टाकले, म्हणून आईने त्याला बडवले. रीड निवृत्त होऊन मायदेशी परतले, तरी महाराजांच्या मनातून ही हकीकत गेली नाही. १८६२ मध्ये त्यांनी रीड यांच्या मुलखात विहीर बांधून देण्याचे ठरवले.

खोदकाम मार्च १८६३ मध्ये सुरू झाले. वॉलिंगफर्डच्या वाइल्डर या ओतकाम कारखानदारांकडे काम होते. विहिरीचा व्यास अवघा ४ फूट आणि खोली ३६८ फूट, म्हणजे सुमारे ११२ मीटर. तळाशी कुतुबमिनार उभा केला, तरी त्याच्या डोक्यावर दहा-बारा मजल्यांची पोकळी उरावी. एवढे सगळे हातांनी खणले. २४ मे १८६४ रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, विहीर लोकांसाठी खुली झाली. खर्च साडेतीनशे पौंडांच्या किंचित वर गेला.

लोखंडी खांबांवर तोललेला घुमट आणि त्याखाली रहाटयंत्रावर उभा असलेला सोनेरी हत्ती, असे हे बांधकाम आजही रस्त्यालगत पाहायला मिळते. खेड्यातल्या साध्या घरांमध्ये ते एकदम परके दिसते आणि म्हणूनच देखणे वाटते. रहाट फिरवून भरलेली बादली वर आणायला दहा-एक मिनिटे लागत. विहिरीशेजारी रखवालदारासाठी अष्टकोनी टुमदार घर आहे. देखभालीचा खर्च निघावा म्हणून लगतच्या जमिनीत चेरीची बाग लावली. तिला महाराजांच्या नावावरून ‘ईश्री बाग’ म्हणतात. बागेत माशाच्या आकाराचे तळेही आहे. मासा हे बनारसच्या राजघराण्याचे चिन्ह. धर्मादाय कामाला कायमचे उत्पन्न जोडून देण्याची ही रीत आपल्याकडच्या देवस्थानांच्या इनामांशी नाते सांगणारी आहे.

या दानाकडे केवळ भूतदया म्हणून पाहणे भाबडेपणाचे ठरेल. १८५७ च्या उठावात महाराज इंग्रजांच्या बाजूने उभे होते आणि विहिरीच्या उद्घाटनाचा मुहूर्तही राणीच्या वाढदिवसाचा. राजनिष्ठेचे प्रदर्शन त्यात होतेच. तरीही पाणी खरे होते आणि ते फुकट होते. पाठोपाठ राजा सर देवनारायण सिंह यांनी इप्सडेनलाही विहीर दिली.

गावातील इतर वास्तूंपैकी सेंट जॉन चर्च १८४६ मधले आहे. ‘क्रुकेड बिलेट’ हे मद्यगृह सतराव्या शतकातले असल्याचे सांगतात. ‘टायटॅनिक’फेम केट विन्स्लेटच्या १९९८ मधील विवाहाची मेजवानी येथे झाली. रानातले लाकूड कातून खुर्च्यांचे पाय बनवणे हा या भागातला जुना धंदा. गावात तंबूच्या मेखाही बनत.

विसाव्या शतकात नळाचे पाणी आले आणि रहाट थांबला. १९६४ मध्ये विहिरीची शताब्दी साजरी झाली तेव्हा राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप हजर होते, आणि गंगेचे पाणी आणून विहिरीत मिसळण्यात आले. पुढे १९८० च्या आसपास बांधकामाची डागडुजी झाली. विहिरीची व्यवस्था आजही विश्वस्तांकडे आहे.