आर्य संगीत विद्यालय : एका घरातून निघालेली शाळा

शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर इमारत, मैदान आणि अनुदान येते. परंतु महाराष्ट्रात एक शाळा अशीही होऊन गेली, की जिची इमारत म्हणजे गुरूचे घर आणि अनुदान म्हणजे गुरूचा गळा! ती शाळा म्हणजे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांनी 1913 साली पुण्यात काढलेले आर्य संगीत विद्यालय.

खाँसाहेबांचा जन्म 1872 चा. उत्तर प्रदेशातील कैराना हे त्यांचे गाव, आणि त्यावरूनच त्यांच्या घराण्याला किराणा हे नाव मिळाले. तरुणपणी ते बडोदे दरबारी गायक होते. तेथेच ताराबाई माने यांच्याशी त्यांचा संबंध जुळला आणि दोघांनी बडोदे सोडले. पुढे मुंबई, मिरज आणि पुणे ही त्यांची कर्मभूमी झाली.

त्या काळी घराण्याची विद्या म्हणजे घरातील ठेवा. बापाने मुलाला द्यावी, काकाने पुतण्याला द्यावी. बाहेरच्याला मिळाली तरी हातचे राखूनच मिळे. याला छेद देणारे प्रयत्न सुरू झाले होते. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले होते. खाँसाहेब तर स्वतः घराण्यात जन्मलेले उस्ताद. ठेवा त्यांच्याच घरचा होता आणि दारही त्यांनीच उघडले.

विद्यालयाची रीत साधी होती. विद्यार्थी खाँसाहेबांच्या कुटुंबातीलच होऊन राहत. होतकरू पण गरीब मुलांना गरिबीमुळे परत पाठवले जात नसे. खर्च भागवण्यासाठी खाँसाहेब जलसे करीत आणि जमलेला पैसा विद्यालयाकडे वळवीत. मुसलमान उस्ताद, शाळेचे नाव ‘आर्य’, आणि शिष्यांत कितीतरी हिंदू मुले! शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी पुढे आपल्या गुरूचे मराठीत विस्तृत चरित्र लिहिले. गुरुऋण फेडण्याची ही केवढी सुंदर रीत!

परंतु घरावर उभ्या असलेल्या शाळेला घराचे बळ असते, तसे घराचे दुःखही सोसावे लागते. पुढे काही वर्षांनी ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. घर दुभंगले, तेव्हा शाळेचा आधारही गेला. खाँसाहेब मिरजेस राहू लागले. 27 ऑक्टोबर 1937 रोजी दक्षिणेच्या प्रवासात सिंगपेरुमलकोइल स्थानकावर त्यांचे निधन झाले. मिरजेच्या दर्ग्यात त्यांचे दफन झाले असून तेथे त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीतसभा भरते.

मग ती शाळा संपली काय? नाही. आईचे माने हे आडनाव लावणारे थोरले सुरेशबाबू धाकट्या बहिणीचे, हिराबाई बडोदेकरांचे, पहिले गुरू झाले. हिराबाईंना पुढे उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची तालीम मिळाली. भावाबहिणींनी नूतन संगीत विद्यालय चालविले. कुलीन स्त्रीने सभेत गाणे कमीपणाचे मानले जात असताना हिराबाई तिकीट लावून मैफली करू लागल्या. 1970 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. धाकट्या भगिनी सरस्वतीबाई राणे यांनीही गायनात नाव कमावले. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडून हीच विद्या गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी यांच्यापर्यंत पोहोचली, तर सुरेशबाबूंकडून प्रभा अत्रे यांच्यापर्यंत.

पालकहो, या इतिहासातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, संस्था एका माणसाच्या खांद्यावर ठेवू नये. तो खांदा कितीही भक्कम असला, तरी तो माणसाचाच असतो. म्हणूनच घटना, कार्यकारिणी, हिशेब या गोष्टी रुक्ष वाटल्या तरी आवश्यक ठरतात. दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. इमारत राहिली नाही तरी मोकळ्या मनाने दिलेली तालीम राहते. ज्या घरात मुलीलाही ती मिळाली, त्या घराचे नाव त्या मुलीनेच पुढे नेले.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या घरीही काही ना काही विद्या असेलच. कुणाकडे सुतारकाम असेल, कुणाकडे शिवणकाम, कुणाकडे सुंदर हस्ताक्षर. ती झाकून ठेवू नका. शेजारच्या मुलालाही शिकवा आणि बहिणीलाही शिकवा. खाँसाहेबांच्या शाळेत आजही नाव घालता येते, ते असे.