एकाच दुपारचे दोन आकडे

ॲडलेड म्हटलं की आपल्याला डिसेंबर २०२० मधलं ३६ ऑल आउट आठवतं. हवामानाचा इतिहास चाळणाऱ्यांना मात्र या शहराचे वेगळेच आकडे आठवतात.

२४ जानेवारी २०१९ रोजी ॲडलेडच्या वेस्ट टेरेस केंद्रावर ४६.६ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं आणि शहराचा ऐंशी वर्षांचा विक्रम मोडल्याच्या बातम्या आल्या. जुना विक्रम १२ जानेवारी १९३९ चा होता, ४६.१ अंशांचा. पण उन्हाळ्याच्या विक्रमांच्या जुन्या याद्या उघडल्या, तर याच तारखेपुढे वेगळा आकडा सापडतो : ४७.६. तो खरा मानला तर २०१९ मध्ये कुठलाच विक्रम मोडला नाही. मग हा दीड अंश गेला कुठे? असा प्रश्न पडला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. शास्त्रज्ञांनी जुनी उष्णता मुद्दाम कमी करून दाखवली का?

गंमत अशी की दोन्ही आकडे खरे आहेत. त्या दिवशी, त्याच वेधशाळेच्या आवारात, दोन थर्मामीटरवर ते वाचले गेले. एकावर ११५ अंश फॅरनहाइट, दुसऱ्यावर ११७.७. त्या आठवड्यात सगळा आग्नेय ऑस्ट्रेलिया होरपळत होता. दुसऱ्याच दिवशी, १३ जानेवारीला, शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात वणव्यांनी कळस गाठला. त्या वणव्यांत ७१ माणसं गेली. थोडक्यात, उष्णतेबद्दल कुणालाच शंका नव्हती. फरक होता तो थर्मामीटर कुठे टांगला आहे, याचा.

हवेचं तापमान मोजणं दिसतं तितकं सोपं नाही. उन्हात उभ्या केलेल्या बाइकच्या सीटवर दुपारी बसून पाहा. सीट तापलेली असते, हवा तितकी तापलेली नसते. थर्मामीटरचंही तसंच. त्याच्यावर ऊन पडलं, तापलेल्या जमिनीची किंवा भिंतीची धग लागली, की तो हवेऐवजी स्वतःचंच तापमान सांगायला लागतो. म्हणून त्याला सावली हवी, वारा हवा आणि चहूबाजूंच्या धगीपासून आडोसाही हवा.

एकोणिसाव्या शतकात यावर अनेक तोडगे निघाले. ग्रिनिचच्या वेधशाळेतल्या जेम्स ग्लेशरने (बलूनमधून जीव धोक्यात घालून ढगांच्या वर जाणारा तोच हा गृहस्थ) एक लाकडी स्टँड वापरात आणला. उभी फळी, वर छोटं छप्पर, फळीच्या पुढच्या अंगाला थर्मामीटर. समोरून आणि खालून सगळं उघडं. सूर्य जसा सरकेल तसा हा स्टँड हाताने फिरवायचा, म्हणजे फळीची पाठ कायम उन्हाकडे राहते. वारा भरपूर मिळतो, पण समोरच्या तापलेल्या जमिनीची धग थेट आत येते. आणि ज्याच्यावर फिरवायची जबाबदारी आहे तो चहा प्यायला गेला, तर बोलायलाच नको.

दुसरा तोडगा थॉमस स्टीव्हन्सनचा. हा स्कॉटलंडमधला दीपगृहं बांधणारा इंजिनिअर. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा बाप. १८६०च्या दशकात त्याने पांढरी रंगवलेली, चारही बाजूंना दुहेरी झडपांची लाकडी पेटी सुचवली. हवा आत खेळते, ऊन आणि धग बाहेर राहते. आपल्याकडे वेधशाळांच्या आवारात चार पायांवर उभी असलेली पांढरी पेटी दिसते, ती हीच.

आता ॲडलेडकडे येऊ. तिथल्या वेस्ट टेरेसवरच्या वेधशाळेचा प्रमुख होता चार्ल्स टॉड. ग्रिनिचमध्ये वाढलेला, १८५५ मध्ये ऑस्ट्रेलियात आलेला. त्याची खरी प्रसिद्धी टेलिग्राफची. ॲडलेडपासून थेट उत्तर टोकाच्या डार्विनपर्यंत, वाळवंट ओलांडत, सुमारे ३,२०० किलोमीटरची तार त्याने १८७२ मध्ये पुरी केली. (ॲलिस स्प्रिंग्ज हे नाव त्याच्या बायकोचं.) वाटेवरच्या तारघरांतले तारबाबू मग हवामानाच्या नोंदीही पाठवायला लागले.

टॉडच्या वेधशाळेत आधी ग्लेशर स्टँड होता. मग स्टीव्हन्सनची पेटी आली. बहुतेक ठिकाणी अशा वेळी काय होतं, हे आपल्याला ऑफिसांतून माहीत आहे : नवं यंत्र आलं की जुनं अडगळीत. ॲडलेडमध्ये तसं झालं नाही. १८८७ पासून दोन्ही शेजारी शेजारी ठेवली गेली आणि दोन्हींवरचे आकडे लिहिले जात राहिले. टॉड १९०६ मध्ये निवृत्त झाला, १९१० मध्ये वारला. मधल्या काळात ऑस्ट्रेलियाची वसाहतींची फेडरेशन झाली, १९०८ मध्ये देशभराचा एक हवामान विभाग सुरू झाला, दोन महायुद्धं होऊन गेली. तुलना मात्र १९४७ पर्यंत चालू राहिली. साठ वर्षं म्हणजे वीस हजारांहून जास्त दिवस. एवढ्या दिवसांत किती कारकुनांनी उन्हातान्हात जाऊन एकाऐवजी दोन ठिकाणी डोकावलं असेल! या कामात मिरवण्यासारखं काही नव्हतं. मला तरी टेलिग्राफच्या तारेपेक्षा ही वही जास्त महत्त्वाची वाटते.

त्या वहीचं मोल १९९६ मध्ये नेव्हिल निकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. उन्हाळ्यातलं कमाल तापमान ग्लेशर स्टँडवर पेटीपेक्षा सरासरी सुमारे १ अंश जास्त भरत होतं. रात्रीचं किमान मात्र किंचित कमी, कारण उघडा स्टँड रात्री जास्त निवतो. सगळं वर्ष धरलं तर फरक साधारण ०.२ अंशाचा. म्हणजे ज्या गावात १८९० मध्ये उघडा स्टँड होता आणि १९१० मध्ये पेटी आली, तिथे हवा तसूभरही बदलली नसली तरी कागदावर उन्हाळे अचानक सौम्य झालेले दिसणार.

ऑस्ट्रेलियाचा जुना राष्ट्रीय विक्रम याच कारणाने गेला. क्वीन्सलँडमधल्या क्लोनकरी गावी १६ जानेवारी १८८९ रोजी ५३.१ अंश नोंदवले होते. कित्येक दशकं पुस्तकांत हाच आकडा छापला गेला. थर्मामीटर प्रमाणित पेटीत नव्हता आणि आसपासच्या ठिकाणांशी आकडा जुळत नव्हता, हे ब्लेअर ट्रेविन यांनी १९९७ मध्ये मांडलं. मग विक्रम उडनाडाटाकडे गेला : २ जानेवारी १९६०, ५०.७ अंश. क्लोनकरीकरांना वाईट वाटलं असेल. तिथे ॲडलेडसारखा शेजारी दुसरा थर्मामीटर असता, तर निदान खरा आकडा तरी हाती लागला असता.

इथे नागपूरची आठवण येणं साहजिक आहे. मे २०२४ च्या अखेरीस तिथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट फिरले, आणि सेन्सर बिघडल्याचं हवामान विभागाने सांगितलं. पण ते प्रकरण वेगळं. नागपुरात यंत्र बिघडलं होतं. बिघडलेल्या यंत्राचा आकडा काढून टाकला की काम संपलं. ॲडलेडमध्ये दोन्ही थर्मामीटर उत्तम होते, वाचणारे प्रामाणिक होते. अशा आकड्यांचं करायचं काय, हे जास्त अवघड.

ते टाकून देता येत नाहीत, कारण तेव्हाचे दुसरे आकडे नाहीत. जसेच्या तसे आजच्या आकड्यांशेजारी ठेवताही येत नाहीत. म्हणून दुरुस्ती करावी लागते. तिच्यासाठी सगळ्यात चांगला आधार म्हणजे जुनी-नवी व्यवस्था काही काळ सोबत चालवणं. टॉडच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला, डार्विनमध्ये, तापमान समुद्रकाठच्या पोस्ट ऑफिसात मोजलं जाई. १९४१ मध्ये गावाबाहेरच्या विमानतळावरही मोजणी सुरू झाली. १९ फेब्रुवारी १९४२ ला जपानी विमानांनी डार्विनवर बॉम्ब टाकले, पोस्ट ऑफिस उद्ध्वस्त झालं, पोस्टमास्तर हर्टल बाल्ड कुटुंबासह मारले गेले. दोन्ही जागांच्या नोंदी त्याआधी काही महिने सोबत झाल्या होत्या, म्हणून पोस्ट ऑफिसची जागा विमानतळापेक्षा किती उष्ण होती ते कळलं. दुरुस्तीत जुने आकडे खाली आले.

सोबतच्या नोंदी नसतील तर शेजाऱ्यांना विचारायचं. समजा सातारा, कराड, सांगली, कोल्हापूर इथली तापमानं वर्षानुवर्षं एकत्र वर-खाली होतात. एका महिन्यापासून फक्त कराड बाकी तिघांपेक्षा अर्धा अंश खाली गेलं आणि तिथेच राहिलं. हवा एकट्या कराडची बदलत नाही. तिथे केंद्र हललं असेल, झाड तोडलं असेल, पेटी बदलली असेल. मग जुन्या वह्या, पत्रं, नकाशे काढून कारण शोधायचं. मूळ आकडा खोडत नाहीत. दुरुस्त मालिका वेगळी ठेवतात.

संशय घेणारे तरीही असतातच, आणि माझ्या मते त्यांनी प्रश्न विचारणं योग्यच आहे. ऑस्ट्रेलियाच्या हवामान विभागाने १९१० पासूनच्या नोंदींची दुरुस्त मालिका २०१२ मध्ये आणली. २०१४ मध्ये तिच्यावरून वर्तमानपत्रांत रण माजलं. पुढच्या वर्षी सरकारने बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करवली. त्यांनी मालिका चांगली ठरवली, पण पद्धत लोकांना नीट समजावून सांगा, असंही बजावलं. हे बजावणं गरजेचं होतं. ‘भूतकाळ थंड केला’ असा आरोप करणाऱ्यांना सहसा सांगितलं जात नाही, ती गोष्ट समुद्राची. पूर्वी जहाजांवर बादलीने पाणी ओढून मोजत. बाष्पीभवनाने ते निवायचं, म्हणून समुद्राचे जुने आकडे दुरुस्तीत वर न्यावे लागतात. समुद्र एवढा मोठा की जमीन आणि समुद्र मिळून हिशेब केला, तर दुरुस्त्यांमुळे शतकभराची तापमानवाढ थोडी कमीच दिसते.

ॲडलेडचं केंद्र वेस्ट टेरेसवरून १९७०च्या दशकाच्या अखेरीस केंट टाऊनला गेलं. तेव्हाही दोन वर्षं दोन्हीकडे मोजणी झाली. २०१७ मध्ये वेस्ट टेरेसवर पुन्हा नवं केंद्र उभं राहिलं. केंट टाऊनचं केंद्र बंद व्हायला २०२० उजाडलं. मधली तीन वर्षं दोन्ही चालू होती. ४६.६ अंशांची ती जानेवारीतली दुपारही त्यातच आली.