परंड्याची तोफ, विजापूरचे अत्तर आणि चंदनाची परीक्षा

परंडा म्हटले की मुलूखमैदान तोफ आठवते. सन १६३२ मध्ये ती परंड्याच्या किल्ल्यातून विजापुरास गेली. त्याच विजापूर दरबारात, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहासाठी (कारकीर्द १५८०–१६२७), निजामुद्दीन महमूद याने 'इत्र-ए-नवरसशाही' हा सुगंधांवरील फारसी ग्रंथ रचला होता. तोफेवर आपण भरभरून लिहितो. अत्तराच्या वाट्याला एक ओळही येत नाही. म्हणून आज प्रश्न एवढाच: जुने लोक चंदन आणि गुलाब पारखत कसे?

आधी चंदन. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजकोशात घ्यावयाच्या वस्तूंमध्ये मोती-रत्नांच्या पंक्तीला चंदन बसते. त्याचे निकष पाहा: वजनाने हलके, स्निग्ध, तुपासारखे अंगाला माखणारे, उग्र नसलेले, रंग न सोडणारे, उष्णता सोसणारे, दाह शोषणारे. आणि एक सुंदर शब्द, 'त्वगनुसारी', म्हणजे त्वचेत मुरत जाणारे. वासाविषयीचे निकष मोजून एकदोन. उरलेले बहुतेक निकष चंदन अंगावर कसे वागते याचे. परीक्षा नाकाची कमी, त्वचेची अधिक! परंड्याच्या शेजारच्या पंढरपुरात उन्हाळाभर विठ्ठलाला चंदनउटी लावतात, तीही दाह शमावा म्हणूनच.

मराठीतही हे ज्ञान उतरले होते. 'गंधवाद' या ग्रंथावर जुनी मराठी टीका आहे. भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी ती अभ्यासकांसमोर आणली आणि तिचा काळ साधारण १३५० ते १५५० असा ठरवला.

आता गुलाब. फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. अर्थात 'गुलाब' हे मुळात गुलाबपाण्याचे नाव. आपण ते फुलालाच देऊन टाकले. मात्र 'अत्तर-गुलाब' या जोडशब्दात जुना अर्थ अजून शाबूत आहे: अत्तरदाणीत अत्तर, गुलाबदाणीत गुलाबपाणी.

गुलाबाच्या अत्तराचे श्रेय सर्रास नूरजहानला दिले जाते. स्वतः जहांगीर मात्र आपल्या आत्मचरित्रात ते तिच्या आईला, अस्मत बेगमला, देतो. गरम गुलाबपाण्यावर जमलेला तवंग तिने वेचला. जहांगीराची पारख कोणती? एक थेंब तळहातावर चोळा, सारी मजलस दरवळते. येथेही कसोटी त्वचेचीच, पण तो दरवळाचे कौतुक करतो, टिकण्याचे नव्हे.

कारण गुलाब उडतो. त्याचे सुगंधी घटक हलके असतात. चंदनतेलातील सँटलॉल जड, सावकाश उडणारे. म्हणून कनौजच्या देग-भपका पद्धतीत देगेत पाकळ्या उकळतात आणि वाफ भपक्यातील चंदनतेलात उतरवतात. असे अत्तर मनगटावर लावले तर आधी गुलाब बोलतो. काही तासांनी तो मागे सरतो आणि चंदन उरते. माझ्या मते या अत्तराला केवळ 'गुलाबाचे' म्हणणे हा चंदनावर अन्याय आहे.

आता चंदनतेल इतके महागले आहे की पुष्कळ अत्तरांत त्याच्या जागी द्रव पॅराफिन असते. कुपीला नाक लावून हा फरक सहसा कळत नाही. संध्याकाळी मनगट हुंगावे: गुलाब ओसरल्यावर मागे काहीच उरले नसेल, तर कुपीत चंदन नव्हते.